‘तुमची अहिराणी किती गोड!’ – हे कौतुक की निकाल?

पांझराकाठ (धागाकर्ता)

दिवाळीला धुळ्याला गेलो होतो. भाची पुण्यात भाषाविज्ञानात एम.ए. करते. तिने मला चहासुद्धा होऊ दिला नाही. ओट्यावर बसवलं, मोबाईल तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "मामा, हा उतारा दोनदा वाच. एकदा आजीशी बोलतोस तसा, अहिराणीत. एकदा ऑफिसात बोलतोस तसा." उतारा म्हणजे काय, तर बस अर्धा तास उशिरा आली, बाजारातून किलोभर वांगी घेतली, येताना पाऊस लागला. ना प्रेम, ना भांडण.

पहिलं वाचन झकास झालं. दुसऱ्याला मी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि ‘पाणी’तला ण असा ठणठणीत काढला की आई आतून पीठाच्या हाताने बाहेर आली. "कोन उनं रे?"
"कोनी नही, मीच."
"मंग असा काय बोली ऱ्हायना, साहेबना फोन उना तसा?"

भाचीने मग दोन्ही तुकडे शेजारच्या काकूंना ऐकवले. कोणाचा आवाज ते सांगितलं नाही आणि मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर काकूंनाही ओळखू आला नाही. पहिल्यावर त्या म्हणाल्या, "हाऊ आपला पोऱ्या शे. गरीब शे बिचारा." दुसऱ्यावर म्हणाल्या, "हाऊ शिकेल शे. नोकरीवर व्हई. उच्चापुरा व्हई."

भाची खो खो हसायला लागली. माझी उंची पाच फूट चार इंच आहे हे तर झालंच, पण ती हसत होती वेगळ्याच कारणाने.

तिने सांगितलं ते असं. १९६० साली कॅनडातल्या माँट्रियालमध्ये वॉलेस लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांना घेऊन हाच खेळ केला होता. त्या शहरात इंग्रजी बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे एकमेकांच्या शेजारी राहतात आणि त्या काळी पैसा, मोठ्या खुर्च्या इंग्रजीवाल्यांकडे. ‘फ्रेंच लोकांबद्दल तुमचं मत काय?’ असं थेट विचारलं तर माणूस शहाण्यासारखंच उत्तर देणार. म्हणून लँबर्टने दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणारी माणसं शोधली, त्यांच्याकडून एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि ते आवाज एकमेकांत मिसळून टाकले. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की ही सगळी निरनिराळी माणसं आहेत, नुसत्या आवाजावरून माणूस कसा असेल ते सांगा. १४ गोष्टींवर गुण द्यायचे होते. हुशारी, विश्वासूपणा, विनोदबुद्धी, महत्त्वाकांक्षा, दिसणं आणि चक्क उंची! घसा तोच, माणूस तोच. पण इंग्रजीतला तोच माणूस दोन्ही गटांना जास्त हुशार वाटला आणि जास्त उंचही.

मेख पुढे आहे. फ्रेंच विद्यार्थ्यांनी आपल्याच भाषेतल्या आवाजांना इंग्रज विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त खाली ढकललं. आपले आवाज त्यांनी वरचढ ठरवले ते दोनच बाबतींत, दयाळूपणा आणि धार्मिकता. म्हणजे हुशार तो, उंच तो, भरवशाचा तो. आम्ही आपले मायाळू आणि देवभोळे.

या रीतीला भाची ‘मॅच्ड गाइज’ म्हणते. मी ‘एका माणसाची दोन सोंगं’ म्हणतो.

हे ऐकल्यापासून मला ‘अहिराणी किती गोड हो’ या वाक्याची धास्ती बसलीय. बावीस वर्षं पुण्यात आहे, हे वाक्य मणाने ऐकलं. ‘किती नेमकी भाषा’ असं एकदाही कोणी म्हणालं नाही. गोड कोण असतं? लहान मूल गोड असतं, आजी गोड असते. त्यांच्यावर जीव असतो, पण बँकेचं लॉकर कोणी त्यांच्या हाती देत नाही.

तुमचे अनुभव लिहा. भाचीलाही वाचायला देणार आहे.

---

भुसावळ_जंक्शन

बाकी सगळं नंतर. किलोभर वांग्यात भरीत कोणाला पुरणार आहे? आणि वांगी बामणोदची होती का तेवढं सांगा.

---

सदाशिव_पेठी

आता गोड म्हटलं तरी राग! आमच्या ऑफिसात जळगावकडचे दोघे आहेत, ऐकत राहावंसं वाटतं त्यांचं बोलणं. मी कोणालाही कमी लेखत नाही आणि उद्या कोणी सर्वेक्षण घेऊन आलं तर त्यातही प्रामाणिकपणे हेच लिहीन. पुणेकरांना धोपटल्याशिवाय खान्देशचा धागा पूर्ण होत नाही का?

---

पांझराकाठ

@सदाशिव_पेठी, तुम्ही प्रामाणिकच आहात हो, अडचण तीच आहे. प्रामाणिक माणूसही स्वतःला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगू शकतो.

असल्या कामात एक पट्टी वापरतात. एका टोकाला ‘हुशार’, दुसऱ्या टोकाला ‘मठ्ठ’, मधे घरं, आवाज ऐकला की पटकन एका घरात फुली. चार्ल्स ऑसगुड या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी १९५७ मध्ये शब्दांचे अर्थ मोजायला ही पट्टी काढली, बोलींवाल्यांनी ती उचलली. अशा पट्ट्या भरून घेतल्या की जगात बहुतेक ठिकाणी उत्तरांच्या दोन गाठी पडतात. एका गाठीत हुशार, शिकलेला, यशस्वी, पुढारी. दुसरीत प्रेमळ, मोकळा, आपला, सच्चा. प्रमाण बोलणाऱ्याला पहिली गाठ मिळते, गावाकडच्याला दुसरी. तुमचं ‘ऐकत राहावंसं वाटतं’ दुसऱ्या गाठीतलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणतच नाही. उद्या बढतीच्या कागदावर सही करायची असेल तेव्हा कुठली गाठ सुटते एवढाच प्रश्न आहे.

---

ग्रंथालय_कोपरा

धागाकर्त्यांनी रंगवून सांगितलंय, पण दोन खुट्या मारते. (मी याच विषयावर शिकवते, त्यामुळे थोडं सहन करा.)

एक. थेट विचारणं अगदीच फुकट नसतं. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या उपक्रमातून ५,०१० लोकांना इंग्रजी बोलण्याच्या ३४ तऱ्हांबद्दल विचारलं होतं. कूपलंड आणि बिशप या अभ्यासकांनी त्यावर २००७ मध्ये लिहिलं. तिथे आवाज ऐकवलेच नव्हते, नुसती नावं दिली होती. तरी उतरंड लख्ख दिसली, बर्मिंगहॅमची बोली पार तळाला गेली. म्हणजे लाज वाटून लोक सगळंच लपवतात असं नाही, विचारलं तर बरंच बोलून टाकतात. पण नावाबद्दलचं मत आणि कानावर पडलेल्या आवाजाबद्दलचं मत या दोन वेगळ्या चिजा आहेत, त्या एका मापात मोजू नयेत.

दोन. तुमच्या भाचीने अहिराणी विरुद्ध मराठी असा सामना लावला. हेल मोजायचा असेल तर तिसरं वाचन हवं होतं, शब्द सगळे मराठीचे आणि बोलणं मात्र खान्देशी. ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’, ‘आणि’चं ‘आनि’. काकूंनी गुण कशाला दिले? ‘शे’ला (आहे), ‘उनी’ला (आली) की आवाजाच्या चढउताराला? दोनच तुकडे असतील तर ते कळायला मार्ग नाही.

आणि सोंगाला आणखी एक धोका असतो. माणूस सोंग वठवायला जातो आणि जास्तच वठवतो. तुमचा तो ठणठणीत ण! म्हणून काही जण एका बोलीसाठी त्या बोलीचाच खरा बोलणारा घेतात, वेगवेगळी माणसं. त्यात आवाजच वेगळे होतात, मग ‘हा माणूस आवडला की ही बोली’ हा घोळ सुरू होतो. एका अंगाला शिवलं की दुसरीकडे उसवतं.

---

केळीबाग_रावेर

माझा अनुभव सांगते. २०११. पुण्यात नवीन नोकरी, पेपरातली जाहिरात बघून खोलीसाठी फोन केला. मराठीतच बोलले, पण आमच्या लेवा हेलात (आमची बोली लेवा, अहिराणी नव्हे). "खोली पाह्यजे होती ताई." पलीकडून विचारलं, कुठल्या तुम्ही? म्हटलं रावेरच्या. "अगं बाई, कालच गेली हो खोली." नाशिकची मैत्रीण शेजारीच बसलेली. पंधरा मिनिटांनी तिने तिच्या फोनवरून लावला. तिला संध्याकाळी सहाची वेळ मिळाली, वर ‘येताना गल्लीतलं मारुतीचं देऊळ विचारा’ असा पत्तापण.

आम्ही दोघी सहाला गेलो. मी तोंड उघडलं नाही. खोली चांगली होती, दोन वर्षं राहिले. बाई स्वभावाने फार चांगल्या, आजारी पडले तेव्हा पेज करून दिली. हे अजून कोड्यात टाकतं मला.

---

हिशेबनीस

ताई, अनुभव खराच असेल, पण त्याने काय सिद्ध झालं ते बघू. त्यांनी गाव विचारलं, तुम्ही सांगितलं. मग नकार हेलाला होता की रावेरला? आधीचा भाडेकरू तिकडचा होता आणि भाडं बुडवून गेला असेल. कदाचित मधल्या पंधरा मिनिटांत कालच्या माणसाने खोली नको म्हणून कळवलं. मैत्रीण नाशिकची म्हणून वेळ मिळाली की तिचं आडनाव ओळखीचं निघालं? एका फोनवरून काही ठरत नाही.

---

केळीबाग_रावेर

भाऊ, तुम्हाला कोणी कधी फोनवर गाव विचारलं नसेल म्हणून हे सुचतं. :)

---

ग्रंथालय_कोपरा

हिशेबनीसांची शंका रास्त आहे, तिचं उत्तरही आहे. एका फोनने ठरत नाही म्हणून शेकडो फोन करायचे.

अमेरिकेत जॉन बॉ नावाचे भाषाशास्त्रज्ञ आहेत, स्वतः कृष्णवर्णीय. लहानपणापासून तीन तऱ्हांचं इंग्रजी कानात आणि जिभेवर बसलेलं: कृष्णवर्णीयांचं, मेक्सिकन वस्तीतलं आणि प्रमाण. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास भाड्याच्या घरांच्या जाहिरातींवर फोन केले. प्रत्येक घरमालकाला तिन्ही आवाजांत, वेगवेगळ्या वेळी. वाक्य ठरलेलं, तुम्ही पेपरात दिलेल्या घराबद्दल फोन केलाय, एवढंच. गाव नाही, आडनाव नाही. गोऱ्यांच्या श्रीमंत वस्त्यांत प्रमाण आवाजाला घर बघायची वेळ सहज मिळाली, बाकी दोन आवाजांना बरीच कमी वेळा. १९९९ मध्ये हे छापून आलं. त्याच अभ्यासात नुसतं ‘हॅलो’ ऐकवून विचारलं, बोलणारा कोणत्या गटातला? दहापैकी सात वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. एक ‘हॅलो’!

म्हणजे रावेर सांगायच्या आधीच निकाल लागलेला असू शकतो. तुमच्या बाबतीत लागला होता की नाही ते मात्र त्या फोनवरून नाही सांगता येणार, तिथे हिशेबनीस बरोबर. आणि बाईंनी पेज दिली यात मला काही कोडं दिसत नाही. मत आवाजावर बसतं, माणूस समोर आला की बरेचदा हलतं.

---

ठाण्यातला_शिरपूरकर

माझं उलटं झालं. जन्म ठाण्याचा, शाळा-कॉलेज ठाण्याचं. अहिराणी समजते, पण बोलायला गेलो की गावाकडची भावंडं लोळून हसतात. मुलाखतीला गेलो, अर्जावर मूळ गाव शिरपूर. पॅनेलवरचे एक गृहस्थ पाच मिनिटं ऐकून कौतुकाने म्हणाले, "बोलण्यात तिकडची लकब अजून टिकवलीत हां!" अहो कुठली लकब? माझी लकब असलीच तर घोडबंदर रोडची.

---

ग्रंथालय_कोपरा

@ठाण्यातला_शिरपूरकर, तुम्हाला नान्सी निडझिएल्स्कींच्या कामात घालायला हवं. १९९९, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट शहर. नदीपलीकडे कॅनडा आहे. डेट्रॉइटच्या लोकांना एका डेट्रॉइटकराचाच आवाज ऐकवला आणि त्यातला स्वर पुढच्या नमुन्यांपैकी कशाशी जुळतो ते विचारलं. निम्म्यांच्या कागदावर बोलणारा ‘मिशिगन’चा लिहिलं होतं, निम्म्यांच्या कागदावर ‘कॅनडा’चा. तोच आवाज, पण कॅनडावाल्या कागदांवर लोकांनी कॅनडाचा म्हणून जो स्वर प्रसिद्ध आहे तोच निवडला. कागदाने कान फिरवले.

याच्या आधी, १९९२ मध्ये, डोनाल्ड रुबिनने याहून झणझणीत प्रयोग केला होता. व्याख्यानाचं एकच ध्वनिमुद्रण, एका गटाला गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई बाईचा. दुसऱ्या गटाला परदेशी हेल ‘ऐकू’ आला आणि व्याख्यानही कमी समजलं.

---

सदाशिव_पेठी

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मागे एका सहकाऱ्याच्या ई-मेलमध्ये मला ‘तिकडचा टोन’ जाणवला होता. ई-मेलमध्ये! आत्ता लक्षात येतंय.

---

भुसावळ_जंक्शन

पेठी काका, याच्यासाठी तुम्हाला शेवभाजी आपल्याकडून.

---

चाळीसगाव_गाडी

मी एक साधी गंमत करतो, तुम्हीही करून बघा. चहाच्या टपरीवर विचारायचं, ‘खरी अहिराणी कुठली?’ धुळ्याचा साक्रीकडे बोट दाखवतो. साक्रीचा म्हणतो खरी बागलाणात, सटाण्याकडे. अमळनेरचा म्हणतो आमचीच खरी, बाकीच्यांची भेसळ. पारोळ्याचा म्हातारा म्हणाला, "खरी ती मनी माय बोले ती. ती गई."

---

ग्रंथालय_कोपरा

हीच गंमत अमेरिकेत डेनिस प्रेस्टन या भाषाशास्त्रज्ञांनी आयुष्यभर केली. लोकांच्या हातात देशाचा कोरा नकाशा द्यायचा आणि सांगायचं, कुठे वेगळं बोलतात तिथे रेघ मारा आणि त्या बोलण्याला नाव द्या. मिशिगनच्या लोकांनी आपलं राज्य ‘सर्वांत शुद्ध’ म्हणून वर नेऊन ठेवलं आणि दक्षिणेवर सगळी कुचेष्टा ओतली. दक्षिणेच्या लोकांना आपलं बोलणं सर्वांत लाघवी वाटतं, पण शुद्ध म्हणवत नाही. पुन्हा तेच, गोड!

भाषाशास्त्रज्ञाच्या नकाशावर ‘शे’ कुठपर्यंत आणि ‘आहे’ कुठून एवढंच असतं. डेक्कन कॉलेजचं मराठी बोलींचं सर्वेक्षण आहे, त्यात गावोगावची रेकॉर्डिंग ऐकायला मिळतात, जरूर ऐका. पण ते बोलणं कसं आहे ते सांगतं. टपरीवरचा नकाशा त्या बोलण्याकडे लोक कसे बघतात ते सांगतो. खान्देशचा असा नकाशा पोरांकडून काढून घेतला तर मला फार बघायला आवडेल. भुसावळ-यावल-रावेरच्या पट्ट्याला कोण काय नाव देईल?

---

केळीबाग_रावेर

काय देणार? सगळ्यांना अहिराणीच म्हणून टाकतील. बहिणाबाई चौधरींना निम्मं पुणं अहिराणी कवयित्री समजतं. बाई आसोद्याच्या, बोली लेवा गणबोली. ‘ळ’चा ‘य’ दोन्हीकडे होतो म्हणून बोली एक होत नाही. आमच्यात ‘शे’ नाही. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं तेव्हासुद्धा कोणीतरी भाषणात ‘अहिराणीचा गौरव’ म्हणालं होतं, मी समोर बसून दात-ओठ खाल्ले.

---

हिशेबनीस

नकाशा राहू द्या, जनगणनेचा तक्ता बघा. ‘खान्देशी’ या नावाखाली (अहिराणी त्यातच मोजतात) मातृभाषा नोंदवणारे २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६० लाख. त्याच दहा वर्षांत एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६.८ लाखांवरून ४२.३ लाखांवर गेली. माणसं वाढली आणि भाषा सांगणारे घटले. प्रगणक दाराशी येऊन विचारतो, मातृभाषा? घरातलं कोणी ‘मराठी’ म्हणतं. त्यात खोटं नाही, आपण मराठीच आहोत. पण आतल्या खोलीत त्या क्षणी जे चाललेलं असतं ते अहिराणीत असतं.

सगळं खापर न्यूनगंडावर फोडत नाही, नवी पिढी खरंच कमी बोलते. तरी हा तक्ता मला भाषेपेक्षा नजरेचा जास्त वाटतो.

---

आखाजीचा_झोका

नव्या पिढीवर लिहायलाच आले. धुळ्यात राहते, मुलगी सात वर्षांची, इंग्रजी माध्यम. घरात सासूबाई अहिराणी बोलतात, मी मुलीशी मराठी बोलते. (हो, मीपण त्यातलीच. ‘पुढे त्रास नको’ म्हणून.) दुपारी ती बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळते. टीचर झालेली बाहुली इंग्रजी-मराठी बोलते. हुशार बाहुली मराठी बोलते. आणि कोपऱ्यात एक फाटक्या हाताचं अस्वल आहे, त्याने गृहपाठ केलेला नसतो. ते म्हणतं, "मॅडम, मी काय करू, मनी वही हरायी गई."

मी दारात उभी राहून ऐकत होते. हे तिला कोणी शिकवलं नाही. आमच्या घरात अहिराणीला कोणी कधी वाईट म्हटलेलं नाही.

---

पांझराकाठ

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. भाचीला लगेच पाठवलं. तिचं म्हणणं, विचारून किंवा आवाज ऐकवून कळतं ते एक. न विचारता आजूबाजूला जे दिसतं, म्हणजे नाटकात गड्याला कुठली बोली देतात, दुकानाच्या पाट्या कशात, पोरं खेळात कोणाला काय बोलायला लावतात, तेही टिपून ठेवायचं असतं. तिने तुमच्या अस्वलाची परवानगी मागितलीय.

---

डोंडाईचा_एक्स्प्रेस

पण लग्नात बघा! डीजेवर अहिराणी गाणं लागलं की सुरतेहून आलेला, पुण्याहून आलेला, सगळे मैदानात. तिथे कोणाला लाज नाही. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर तर शुद्ध मराठी टाकली की शिव्या बसतात. आमच्यातला एक नोएडाला साहेब आहे, तो ग्रुपवर आम्हा सगळ्यांपेक्षा गावठी बोलतो.

---

ग्रंथालय_कोपरा

तुमच्या साहेबाचा भाऊबंद इंग्लंडातल्या नॉरिच शहरात सापडला होता. पीटर ट्रडगिलने १९७२ मध्ये लिहिलंय: लोकांना विचारलं, तुम्ही हा शब्द कसा उच्चारता? अनेक पुरुषांनी, प्रत्यक्ष बोलत होते त्यापेक्षा जास्त रांगडा उच्चार आपला म्हणून सांगितला. बायकांचं उलट, होत्या त्यापेक्षा जास्त प्रमाण सांगितलं. रांगडेपणालाही आतून एक पत असते, फक्त ती अर्जावर लिहिता येत नाही. पुरुषांना ती मिरवणं परवडतं. बाईला पोरांच्या शाळेत जाऊन उभं राहायचं असतं. आखाजीच्या ताई का मराठी बोलतात ते यात थोडं आहे.

---

तोरणमाळ_घाट

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी सातपुड्यातल्या धडगावकडचा. घरात पावरी, आम्हा पावरा आदिवासींची बोली. सहावीला शहाद्याला वसतिगृहात आलो तेव्हा मला तीन भाषा नव्याने शिकायच्या होत्या, पुस्तकाची मराठी, गुजर पोरांची गुजरी आणि बाजाराची अहिराणी. तुम्ही सगळे इथे अहिराणीला खालच्या पायरीवरची धरून बोलताय. आमच्यासाठी ती वरची होती. दुकानदाराची, कंडक्टरची. मी मराठी वाचायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून माझ्या सुराची नक्कल व्हायची. करणारी पोरं पुण्याची नव्हती हो, अहिराणी बोलणारी होती. गोडसुद्धा म्हणालं नाही कोणी आम्हाला.

आज मी शिक्षक आहे. पावरी बोलणारं पोर वाचायला उभं राहिलं की माझाच हात आधी खोडायला उठतो. आवरतो मग.

भाचीबाईंना सांगा, तिसरं वाचन ठीक, चौथं आमच्याकडून घ्या. आणि ते पुण्यात ऐकवण्याआधी धुळ्यात ऐकवा.

---

पांझराकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वर्गातही एक पोरगा होता अक्कलकुव्याकडचा. नक्कल करणाऱ्यांत मी होतो. चांगली यायची मला, म्हणून आग्रह व्हायचा.

काकूंनी मला ‘गरीब बिचारा’ म्हटलं त्याचा केवढा धागा काढला मी!

भाचीशी बोललो. तिने यादीच बदलली. आता ऐकणारे चार ठिकाणचे: पुणे, धुळे, रावेर, धडगाव. आवाज कोणाचा हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच कान कोणाचा.

---

ग्रंथालय_कोपरा

धडगावला ऐकवताना पट्टी लेखी ठेवू नका. सात घरांत फुली मारणं हे शाळेतलं काम आहे. लोक ‘बरोबर उत्तर’ शोधायला लागतील. सरळ विचारा: या आवाजाचा माणूस दुकानात असेल तर उधार मागाल का? ग्रामसेवक म्हणून आला तर काम होईल का? पोरगी द्याल का? उत्तरं आपोआप दोन गाठींत पडतील.

---

पांझराकाठ

अहिराणी उतारा टाकतोय, तपासून द्या:

"सकायले बसवर गऊ. बस अर्धा तास उशिरा उनी. बाजारमा जाईसन किलोभर वांगा लिधात. येतायेता पानी लागनं."

---

चाळीसगाव_गाडी

‘गऊ’ आमच्याकडे नाही. ‘गवू’.

---

डोंडाईचा_एक्स्प्रेस

‘गऊ’च बरोबर. ‘सकायले’ नको, ‘सकायमा’ करा.

---

हिशेबनीस

‘अर्धा तास’ अहिराणीत कोण म्हणतं? ‘आर्धा घंटा’. तुम्ही मनात मराठीतून लिहिलंय, कळतं लगेच.

---

केळीबाग_रावेर

लेवामध्ये मी लिहून देते. पण माझ्या नावावर ‘अहिराणी’ टाकलंत तर बघा.

---

पांझराकाठ

‘आर्धा घंटा’ केलं. ‘गऊ’ ठेवतो, घसा माझा आहे. सुधारलेला उतारा आईला वाचून दाखवला. सगळा नीट ऐकला आणि म्हणाली, "वांगा कितला रुपये किलो लिधात, ते लिखंच नही त्यामा."